क्षयाचं गाव, बर्फाचा राजवाडा

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याचा नकाशा उघडा आणि शहर सोडून वर वर जात राहा. कॅनडाची सीमा येण्याच्या थोडं आधी हिरवा पट्टा लागेल. हा ॲडिरॉन्डॅकचा प्रदेश. डोंगर, जंगल आणि मोजता मोजता कंटाळा येईल इतकी तळी. त्यात सॅरनॅक लेक नावाचं एक गाव आहे, वस्ती पाच हजारांच्या आसपास. गंमत म्हणजे हे गाव ज्या तळ्याच्या काठी वसलंय त्याचं नाव सॅरनॅक नाहीच, लेक फ्लॉवर आहे. नदीवर बांध घालून झालेलं तळं.

दर फेब्रुवारीत या तळ्याच्या काठावर गावकरी एक राजवाडा बांधतात. विटा बर्फाच्या, तळ्यातूनच कापून काढलेल्या. चुना-सिमेंटच्या जागी पाणी आणि भुसभुशीत बर्फ यांचा चिखल. बुरूज, कमानी, आत सिंहासन, भिंतींच्या आतून रंगीत दिवे. दहा दिवस गावभर जत्रा असते. मिरवणूक, घसरगाड्या, बर्फावरच्या शर्यती. शेवटच्या रात्री फटाक्यांची आतषबाजी होऊन राजवाड्यावर 'हल्ला' होतो आणि उत्सव संपतो. मार्चमध्ये राजवाड्याचं पाणी होतं.

उत्तरेकडच्या तळ्यांच्या प्रदेशात हिवाळी जत्रा ठिकठिकाणी आहेत. त्यांचा इतिहास बहुतेक वेळा पर्यटनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो खोटाही नाही. पण सॅरनॅक लेकची जत्रा सुरू झाली १८९७ साली, आणि त्या वेळी हे गाव अमेरिकेत एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होतं. इथे क्षयरोगी यायचे. काही बरे व्हायला, काही मरायला. अशा गावाला राजवाडा बांधायची हौस कशी सुचली, हा प्रश्न मला त्या राजवाड्यापेक्षा जास्त रंजक वाटतो. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. मागे, आणि थोडं मुंबईलाही.

बर्फाचं पीक

आज बर्फ म्हणजे फ्रिजच्या वरच्या कप्प्यात होणारी वस्तू. एकोणिसाव्या शतकात ते पीक होतं. त्याला हंगाम होता, कापणी होती, कोठारं होती आणि बाजारभावही होता.

बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या माणसाने १८०६ साली तळ्यातला बर्फ जहाजात भरून कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पाठवला. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. सुरुवातीची वर्षं त्याने तोटा खाल्ला, कर्जापायी तुरुंगही पाहिला. पण हळूहळू गणित जमत गेलं. बर्फाभोवती लाकडाचा भुसा भरला तर तो वितळायला खूप वेळ लागतो, आणि भुसा तर लाकूड-गिरण्यांमधून जवळपास फुकटच मिळायचा. १८२५ च्या सुमारास नॅथॅनियल वायेथ याने घोड्याने ओढायचा बर्फाचा नांगर तयार केला. गोठलेल्या तळ्यावर या नांगराने उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, मग करवतीने आणि पहारीने ठोकळे सुटे करायचे. ठोकळे एकाच मापाचे निघू लागले आणि कोठारात फट न ठेवता रचता येऊ लागले. फट नाही म्हणजे हवा नाही, हवा नाही म्हणजे वितळणं कमी. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला इथे थांबून दाद द्यावीशी वाटते. एक माप पक्कं केलं की त्यापुढची किती कामं आपोआप सोपी होतात, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

१८३३ साली ट्यूडरचं 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांचा प्रवास, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. तरी निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत पोहोचला. लवकरच मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरू लागला. जमशेटजी जीजीभाईंनी एका मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा मुंबईच्या इतिहासात हमखास सांगितला जातो. बर्फ साठवायला मुंबई, मद्रास आणि कलकत्ता तिन्ही शहरांत कोठारं उभी राहिली. मद्रासचं कोठार आजही मरीना किनाऱ्यावर उभं आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद तिथे काही दिवस राहिले होते, म्हणून आता ते त्यांचं स्मारक आहे. तोवर बर्फाचा धंदा बसला होता, कारण कारखान्यात बर्फ तयार होऊ लागला होता.

हेन्री डेव्हिड थोरोने 'वॉल्डन' या पुस्तकात आपल्या तळ्यावरच्या बर्फकापणीचं वर्णन केलंय, आणि त्या ओघात मुंबईचं नावही घेतलंय. तेव्हा उत्तरेच्या गोठलेल्या तळ्यांशी आपलं काही देणंघेणं नाही, असं समजायचं कारण नाही. मुंबईच्या श्रीमंतांच्या पेल्यात ती तळी विरघळली आहेत.

या सगळ्यातून उत्तरेच्या गावांकडे एक कसब जमा झालं. किती जाडीच्या बर्फावर माणूस उभा राहू शकतो, किती जाडीवर घोडा. ठोकळा कसा सोडवायचा. बर्फ पाण्याहून हलका असतो, म्हणून बर्फातच कालवा कापून ठोकळे तरंगत काठापर्यंत कसे आणायचे. हे कसब होतं म्हणून राजवाडे शक्य झाले.

थंडीची बदनामी

१८८३ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने हिवाळी जत्रा भरवली आणि शहराच्या मध्यभागी बर्फाचा राजवाडा बांधला. रशियात याआधी, १७४० साली, सम्राज्ञी ॲनाने नेवा नदीवर बर्फाचा महाल बांधून घेतला होता. पण तो दरबारातल्या एका सरदाराची थट्टा करायला. त्याचं एका दासीशी जबरदस्तीने लग्न लावून दोघांना रात्रभर त्या महालात कोंडलं होतं. मॉन्ट्रियलचा राजवाडा नागरिकांचा होता, आणि जाहिरातीचाही. हिवाळ्यात व्यापार थंडावतो, हॉटेलं रिकामी पडतात. थंडीच दाखवायला ठेवली तर लोक येतील, असा तो हिशेब. तो बरोबर निघाला.

१८८५ साली मॉन्ट्रियलमध्ये देवीची साथ आली. पुढच्या हिवाळ्यातली जत्रा होणं शक्य नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं सेंट पॉल हे शहर एका अपमानाने चिडलेलं होतं. पूर्वेकडच्या एका वार्ताहराने लिहिलं होतं की हे शहर म्हणजे दुसरा सायबेरिया, हिवाळ्यात तिथे माणसाने राहू नये. शहरातल्या व्यापाऱ्यांनी याला उत्तर म्हणून १८८६ साली जत्रा भरवली आणि शंभर फुटांहून उंच बर्फाचा राजवाडा उभा केला. थंडीचा राजा बोरियस आणि त्याला हुसकावून लावणारा आगीचा देव वल्कन अशी एक दंतकथाही रचली गेली. ती कथा तिथे आजही दरवर्षी साजरी होते. नवी परंपरा जुनी भासवायची असेल तर तिला देव लागतात. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

या जत्रांमधली एक गोष्ट सहसा राहून जाते. लोक ज्या टोबोगनवर बसून उतारावरून घसरत होते, तो टोबोगन आणि त्याचं नाव, दोन्ही तिथल्या मूळ रहिवाशांचे. पायांत बांधायचे जाळीदार हिमबूटही त्यांचेच. शिकार ओढून आणायला आणि खोल बर्फातून चालायला शतकानुशतकं वापरलेली ही साधनं शहरी क्लबांनी उचलली आणि त्यांचा खेळ झाला. ज्यांच्यासाठी हिवाळा म्हणजे जगण्याचा प्रश्न होता, त्यांची साधनं हिवाळा ही मौज असलेल्यांच्या हातात गेली.

सेंट पॉलची जत्रा पहिल्या तीन वर्षांनंतर अडखळली. हिवाळा उबदार निघाला आणि बर्फाने दगा दिला. ही १८८९ ची गोष्ट आहे. ती लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ओसरीवरचे रुग्ण

आता सॅरनॅक लेककडे येऊ.

एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रूडो हा न्यूयॉर्कचा तरुण डॉक्टर. त्याचा थोरला भाऊ क्षयाने गेला होता. भावाची शुश्रूषा त्यानेच केली होती. १८७३ साली त्याला स्वतःलाही क्षय झाल्याचं कळलं. त्या काळी याचा अर्थ एकच होता. शेवटचे दिवस आवडत्या जंगलात काढावेत म्हणून तो ॲडिरॉन्डॅकला आला आणि मरायच्या ऐवजी सुधारू लागला. १८७६ मध्ये तो सॅरनॅक लेकला कायमचा राहायला आला.

१८८२ साली रॉबर्ट कोखने क्षयाचा जंतू शोधून काढला. जंगलात बसून ट्रूडोने ती बातमी वाचली आणि एक प्रयोग केला. सशांचे तीन गट. पहिल्या गटातल्या पाच सशांना जंतू टोचून अंधाऱ्या, ओलसर खड्ड्यात अपुऱ्या अन्नावर ठेवलं. दुसऱ्या गटाला जंतू टोचले नाहीत, पण तशाच खड्ड्यात ठेवलं. तिसऱ्या गटाला जंतू टोचले आणि एका छोट्या बेटावर मोकळं सोडून भरपूर खायला दिलं. पहिल्या गटातले पाचपैकी चार मेले. दुसऱ्या गटातले खंगले, पण जगले. बेटावरचा एक मेला, चार ठणठणीत राहिले. आजच्या सॉफ्टवेअरवाल्यांना यात आपलं ए-बी टेस्टिंग दिसेल. पाचपाच सशांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हेही दिसेल. पण प्रश्न नेमका होता: जंतू महत्त्वाचा की परिस्थिती? ट्रूडोच्या मते उत्तर होतं, दोन्ही.

१८८४ साली त्याने सॅनेटोरियमची स्थापना केली. पुढच्या वर्षी पहिली झोपडी तयार झाली. एक खोली आणि पुढे छोटीशी ओसरी. रंग लाल, म्हणून नाव 'लिटल रेड'. पहिल्या रुग्ण होत्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी. उपचार म्हणजे विश्रांती, सकस आहार आणि गार, मोकळी हवा. रुग्णाने दिवसातले कित्येक तास ओसरीवर खास बनवलेल्या आरामखुर्चीत पडून राहायचं. बाहेर तापमान शून्याच्या खाली वीस गेलं तरी. अंगावर लोकरीची पांघरुणं, फरचे कोट, पायाशी गरम पाण्याची पिशवी.

गावातली घरं या उपचाराभोवती बदलली. जिथे तिथे काचेच्या सरकत्या खिडक्यांच्या ओसऱ्या निघाल्या. त्यांना 'क्युअर कॉटेज' म्हणत. रुग्णाला खोली भाड्याने देणं हा गावाचा मुख्य व्यवसाय झाला. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८७ चा हिवाळा इथे काढून गेला. विल्यम कोल्टर नावाचा वास्तुरचनाकार क्षयामुळे इथे आला आणि त्यानेच पुढे गावातल्या कितीतरी इमारती आखल्या. डॉक्टर, दुकानदार, फोटोग्राफर यांच्यातही स्वतः बरे होऊन इथेच राहिलेले अनेक जण होते.

आपल्याला हे सगळं अगदीच अनोळखी नाही. पाचगणी आणि मिरज इथल्या क्षयरुग्णालयांच्या मागे हीच कल्पना होती: उंचावरची किंवा कोरडी हवा, विश्रांती, दूध-अंडी. फरक हा, की आपल्याकडे सॅनेटोरियम सहसा गावाबाहेर असायचं. सॅरनॅक लेकमध्ये गावच सॅनेटोरियम झालं होतं.

राजवाडा कुणासाठी

अशा गावातला हिवाळा डोळ्यांपुढे आणा. नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ. हजारभर माणसं ओसऱ्यांवर पडून. काम नाही, चालायला बंदी, कित्येक तास बोलायलाही बंदी. घरापासून शेकडो मैल दूर. शेजारच्या खुर्चीतला माणूस आज आहे, उद्या नाही. या कंटाळ्यातून प्रेमंही जुळत. नियमांत ते बसत नसल्यामुळे गावाने त्याला एक लाडिक नाव दिलं होतं, 'कझिनिंग'. म्हणजे ही माझी कुणी नाही हो, चुलतबहीण आहे.

१८९६ साली गावकऱ्यांनी पॉन्टिॲक क्लब काढला. हेतू होता मैदानी खेळांना उत्तेजन देणं आणि हिवाळ्याचा एकसुरीपणा मोडणं. १८९७ मध्ये पहिली जत्रा झाली. १८९८ मध्ये पहिला बर्फाचा राजवाडा.

यात जाहिरातीचा भाग होताच. गावाचं पोट बाहेरून येणाऱ्यांवर चालत होतं. पण सेंट पॉलला सिद्ध करायचं होतं की थंडी असूनही इथे राहता येतं. सॅरनॅक लेकचं म्हणणं याहून पुढचं होतं. इथली थंडी हेच औषध होतं. ज्या हवेत रुग्णांना झोपवत होते, त्याच हवेत गाव नाचायला निघालं होतं. रोग आणि उत्सव यांना दोन वेगळ्या जागा नव्हत्या.

राजवाडा आजही जवळपास तसाच बांधतात, आणि बांधणारे स्वयंसेवक असतात. तळ्याच्या पॉन्टिॲक बे या भागावरचा मऊ बर्फ आधी खरवडून काढतात, कारण तो दुलईसारखा असतो आणि खालचं पाणी गोठू देत नाही. मग आखणी. ठोकळा साधारण दोन फूट बाय चार फूट, जाडी त्या वर्षीच्या थंडीवर. फूटभर जाडी धरली तर बर्फाच्या घनतेवरून एका ठोकळ्याचं वजन दोनशे किलोंच्या वर जातं. ठोकळे पाण्यातून ढकलत काठाशी आणायचे, वर चढवायचे, करवतीने कडा सारख्या करायच्या आणि मध्ये चिखल भरायचा. तो काही वेळात गोठतो आणि भिंत एकसंध होते. थंडी जितकी कडक तितका सांधा पक्का. ऊन हा शत्रू. तळ्याच्या बर्फाचे स्फटिक उभ्या काड्यांसारखे असतात. ऊन लागलं की त्यांच्या फटी आधी वितळतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारा ठोकळा आतून सुटा होतो.

या बांधकामाला कुणा एकाचं नाव नसतं. ज्याला करवत चालवता येते तो करवत चालवतो, ज्याला येत नाही तो चिखल कालवतो.

पंधरा किलोमीटर पलीकडे

सॅरनॅक लेकपासून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरवर लेक प्लॅसिड आहे. तेही तळ्याकाठचं गाव, तीच हवा, तोच बर्फ. तिथे १८९५ साली मेल्विल ड्यूई याने लेक प्लॅसिड क्लब सुरू केला. नाव ओळखीचं वाटेल. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा असतो, त्या दशांश वर्गीकरणाचा हाच जनक. त्याच्या पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. जगातल्या प्रत्येक पुस्तकाला जागा देणाऱ्या या माणसाच्या क्लबमध्ये मात्र सगळ्यांना जागा नव्हती. ज्यूंना प्रवेश नाही. कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून प्रवेश नाही. आणि क्षयरोग्यांनाही नाही. इतरांच्या आनंदात व्यत्यय येईल असा कुणीही आत नको, असं नियमांत छापलेलं होतं. ज्यू नागरिकांनी याविरुद्ध तक्रार केली. ड्यूई तेव्हा न्यूयॉर्क राज्याचा ग्रंथपाल होता. त्याला ठपका मिळाला आणि १९०५ मध्ये त्याने ते पद सोडलं. क्लबची दारं तरी उघडली नाहीत.

याच क्लबने १९०४-०५ साली हिवाळ्यातही दार उघडं ठेवून बघितलं आणि पाहुण्यांना बर्फावरचे खेळ दिले. अमेरिकेतल्या हिवाळी पर्यटनाची ती एक महत्त्वाची सुरुवात. ड्यूईचा मुलगा गॉडफ्री याने १९३२ चं हिवाळी ऑलिंपिक लेक प्लॅसिडला आणलं. तेव्हाही हवामानाने हात दाखवला. चौघांच्या बॉबस्लेडची शर्यत समारोप झाल्यानंतर उरकावी लागली. १९८० मध्ये ऑलिंपिक पुन्हा तिथेच आलं, आणि ऑलिंपिकमध्ये यंत्राने बनवलेला बर्फ पहिल्यांदा वापरला गेला.

एकाच थंडीचे हे दोन उपयोग. एका गावाने आजाऱ्यांना आत घेतलं आणि मग जत्रा भरवली. दुसऱ्याने आजाऱ्यांना बाहेर ठेवून जत्रा भरवली. पैसा आणि प्रसिद्धी कुणाकडे गेली हे सांगायला नको. सॅरनॅक लेकला संत ठरवायचीही गरज नाही. ट्रूडोचं सॅनेटोरियम शक्यतो रोग सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्यांनाच घ्यायचं. बळावलेल्या रुग्णांना गावातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये आसरा शोधावा लागायचा, आणि गावाचं उत्पन्न त्यांच्याच भाड्यावर होतं. पण तोंड लपवून कुणाला राहावं लागत नव्हतं. ओसरी रस्त्याकडेच तोंड करून होती.

रोग गेला, जत्रा राहिली

१९२६ च्या शेवटी नॉर्मन बेथ्यून नावाचा कॅनडाचा शल्यविशारद इथे रुग्ण म्हणून आला. आपण मरणार अशी खात्री झाल्यावर त्याने कॉटेजच्या भिंतीभर स्वतःच्या आयुष्याची आणि कल्पनेतल्या मरणाचीही चित्रमालिका काढली. मग फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा भरून फुप्फुसाला विश्रांती देण्याच्या तेव्हाच्या धाडसी उपायाबद्दल वाचलं आणि डॉक्टरांकडे हट्ट धरून तो करून घेतला. तो बरा झाला. पुढे चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करताना १९३९ मध्ये वारला. त्याच्या नावाने तिथे जे रुग्णालय उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांतारामांचा चित्रपट आपण पाहिलेला असतो, पण त्या कथेचं एक टोक या ओसऱ्यांपर्यंत येतं हे सहसा कुणी सांगत नाही.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, मागोमाग आणखी औषधं आली. हवा आणि विश्रांतीने जंतू मरत नव्हता. फार तर शरीराला लढायला वेळ मिळत होता. गोळ्यांनी आणि इंजेक्शनांनी तो मरू लागला. १९५४ मध्ये ट्रूडो सॅनेटोरियम बंद झालं. शेवटचा रुग्ण होता लॅरी डॉयल, एके काळचा नामांकित बेसबॉलपटू. ज्या रोगावर गाव जगत होतं तो रोग गेला. ही आनंदाची गोष्ट होती आणि गावाच्या पोटावर पायही होता.

मधल्या काळात जत्रेला खंड पडले होते, पण ती टिकली. आणि एक विचित्र जुळणी झाली. शेजारच्या गेब्रियल्स गावात नन्सनी क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं होतं, तेही १८९७ मध्येच. ती जागा पुढे राज्य सरकारकडे गेली आणि तिथे कमी सुरक्षेचा तुरुंग झाला. कित्येक वर्षं या तुरुंगातले कैदी राजवाड्याच्या बांधकामाला येत. ठोकळे कापत, ओढत, रचत. जिथे एके काळी समाजाने दूर ठेवलेले रुग्ण राहत होते, तिथेच दूर ठेवलेली दुसरी माणसं राहत होती, आणि गावाचा राजवाडा बांधत होती. २००९ मध्ये तुरुंग बंद झाला. तेव्हापासून ते काम पुन्हा गावकऱ्यांच्याच अंगावर आहे.

आजच्या मिरवणुकीत बागेतल्या घडीच्या खुर्च्या घेऊन कवायत करणाऱ्या बायकांचा एक ताफा असतो. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. त्यांच्या मनात काय असेल ते असो, मला मात्र त्या खुर्च्या पाहून ओसरीवरच्या खुर्च्या आठवतात. जत्रेचे बिल्ले काढून देतो प्रसिद्ध व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो, डॉक्टर ट्रूडोचा पणतू.

बर्फाची वही

विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहराजवळ मेंडोटा नावाचं तळं आहे. ते कधी गोठलं आणि कधी सुटलं याची नोंद १८५० च्या दशकापासून आहे. सुरुवातीला बर्फाचा व्यापार होता, तळ्यावरून वाहतूक होती, म्हणून लोकांना ते माहीत असणं भाग होतं. १८८०-८१ च्या हिवाळ्यात हे तळं १६१ दिवस गोठलेलं होतं. २००१-०२ मध्ये २१ दिवस. मधली वर्षं वरखाली होत राहतात, पण उतार स्पष्ट दिसतो. जपानमधल्या सुवा तळ्याची नोंद तर १४४३ पासून आहे. तिथल्या देवळाच्या पुजाऱ्यांनी ती ठेवली, कारण बर्फाला पडणारी भेग म्हणजे देवाची वाट, अशी श्रद्धा. व्यापाऱ्याची वही आणि पुजाऱ्याची वही, दोन्ही आज हवामानशास्त्राच्या कामी येतात.

१८८९ मध्ये सेंट पॉलला बर्फाने दगा दिला, तेव्हा तो एका हिवाळ्याचा लहरीपणा होता. आता लहरीपणाच्या खाली उतार आहे. यंत्राचा बर्फ स्कीच्या उतारावर पसरता येतो. तळं मात्र यंत्राने गोठवता येत नाही. राजवाड्याचा ठोकळा तळ्यातूनच यावा लागतो. त्यामुळे सॅरनॅक लेकचे लोक जानेवारीत बर्फाला भोक पाडून जाडी मोजतात, तेव्हा ते उत्सवाची तयारी करत असतात आणि हवामानाची नोंदही.

शेवटी एक गोष्ट आपल्याबद्दल. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आज भारतात आहे. औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, बहुतेकांना सहा महिने घ्यावं लागतं. तरीही घरात टीबी झाला की नाव दबक्या आवाजात घेतलं जातं. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर घेतलंच जात नाही. गोळ्यांची पाकिटं पुस्तकांच्या मागे ठेवली जातात. ट्रूडोच्या काळी औषध नव्हतं, तरी रुग्ण रस्त्याकडे तोंड करून बसत होते आणि त्यांच्या समोरून मिरवणूक जात होती. आपल्याकडे औषध आहे, मिरवणुकाही भरपूर आहेत. ती ओसरी मात्र अजून बांधायची राहिली आहे.